बदली कोण?

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. तो शेवटी महिनाभर अंथरुणावर होता, मी उशाशी बसून असायचे, सांगायला वेळ पुष्कळ होता — तरी नाही. मुलाला नाही, सुनेला नाही. देवापुढं हात जोडते तेव्हाही हा विषय काढत नाही. त्याला ठाऊक असेल तर सांगून काय उपयोग, आणि नसेल तर आपण कशाला सांगा? तुम्हाला सांगते, कारण तुम्ही कोण ते मला ठाऊक नाही. उद्या भाजी घेताना मला तुमच्या तोंडाकडं बघायचं नाही.

आधी एक सांगून ठेवते. मी दुःखी बाई नाही. कोल्हापुरात राजारामपुरीत मुलाच्या घरी राहते, सकाळी गॅलरीत उन्हाला बसते, दात गेलेत तरी भाकरी दुधात कुस्करून खाते. पेन्शन येते. झोप लागते. या गोष्टीपायी मी कधी रात्र जागून काढली, असं झालं नाही. झालं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं — तुम्हीही म्हणाला असता, बिचारीनं भोगलं. पण नाही भोगलं. सुखात गेलं सगळं.

मी चौथी शिकलेली. संस्थान होतं तेव्हाची गोष्ट. त्या काळी मुली आपल्या आपण शाळेत जायच्या नाहीत. शाळेची एक बाई घरोघर जायची, दारात उभी राहून हाका मारायची, एकेक पोर गोळा करत सगळी रांग शाळेत नेऊन घालायची आणि संध्याकाळी ज्याची त्याच्या दारात पोचवायची. तिला बोलावणीबाई म्हणत. दरबारची नोकरी होती ती, पगारी.

आमच्या शाळेची बोलावणीबाई होती गंगाक्का. आमच्याच बोळात शेवटच्या खोलीत राहायची. नेसरीकडची. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि घाईत असली की दोन्ही एकदम. कपाळाला विभूतीचे आडवे पट्टे, अंगानं दणकट, आवाज असा की एका दारात हाक मारली की पुढच्या दारातली पोर वेणी घालायला बसायची. नवरा लवकर गेलेला, मूल नाही. मी लग्न होऊन त्या बोळात आले तेव्हा पहिली ओळख तिचीच झाली. मला ती तंगी म्हणायची — कानडीत धाकटी बहीण. बहीण म्हणायची, हे लक्षात ठेवा.

एके दिवशी तिला राजवाड्याकडून बोलावणं आलं. तिथं कुणी म्हाताऱ्या बाईसाहेब आजारी होत्या, कर्नाटकातून लग्न होऊन आलेल्या. आजारपणात त्यांना मराठी सुचेना, कानडीच बोलायच्या. त्यांना उठवायला-बसवायला कानडी समजणारी धट्टीकट्टी बाई हवी होती. कुणीतरी गंगाक्काचं नाव सांगितलं. दरबारचा हुकूम — नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. बाईसाहेब बऱ्या झाल्या की परत शाळेत यायचं, जागा तुझीच, असं तिला सांगितलं होतं. आणि तोवर शाळेत कोण? तर गंगाक्कानंच मोठ्या बाईंना — म्हणजे शाळेच्या मुख्य बाईंना — माझं नाव सुचवलं. म्हणाली, पोरगी चौथी शिकलीया, पाय बळकट हायत, तोंडही हाय.

म्हणजे मी तिथं लागले ती बदली म्हणून. आता हा शब्द नीट बघा, कारण सगळं यातच आहे. आमच्याकडं एकाच्या जागी तात्पुरता उभा राहतो तोही बदली. आणि ज्याला एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी पाठवलं, त्याचीही बदलीच. बोलताना आमचा कधी घोटाळा व्हायचा नाही. गंगाक्का राजवाड्यावर बदलीवर गेलीया, द्वारकी तिच्या जागी बदली हाय — बोळातलं शेंबडं पोरही समजायचं. मी द्वारका, ते राहिलंच सांगायचं.

मला ते काम आवडलं. नुसतं आवडलं नाही — काय सांगू? सकाळी चहा झाला की मी पदर खोचून बोळाबाहेर पडायचे आणि गावात माझी वाट बघणारी माणसं असायची. लोक म्हणायचे, बोलावणीबाई आल्या, आवरा. तोवर मला कुणी कधी ‘आल्या’ म्हटलं नव्हतं. घरी सासू होती, नणंद होती, चूल होती. तिथं माझ्या येण्याजाण्याचं कुणाला काय?

असं वर्षाच्या वर गेलं. मग संस्थान विलीन झालं, राज्य मुंबई सरकारात गेलं. मोठ्या माणसांनी त्यावर पुष्कळ भाषणं केली. आम्हाला त्यातलं एवढंच कळलं की नोकरमाणसांचं एकच खातं होणार. तोवर तीन होती. राजवाड्याची माणसं खासगीच्या दप्तरात, कचेऱ्यांची दरबारच्या, आणि शाळा-दवाखान्यांची आणखी वेगळ्या. एका दप्तराला दुसऱ्याची खबर नसायची. आता सगळ्यांचे कागद गाडीत घालून एका इमारतीत आणून टाकले, वर एक नवा साहेब आणला बाहेरून, आणि हुकूम निघाला — झाडून सगळ्यांनी येऊन साहेबापुढं उभं राहायचं. शाळेची माणसं, दवाखान्याची माणसं नव्या सरकारात घेणार. राजवाड्याकडं कायमची होती त्यांचं पुढं बघणार. पण तिथली बदलीची, जादा माणसं घरी पाठवणार.

त्या इमारतीच्या आवारात काय जत्रा भरली होती म्हणता! माहूत, आचारी, नर्सबाया, पट्टेवाले, सनईवाले — सगळी एका रांगेत. आमच्या पुढं एक चित्तेवान होता. शिकारीचे चित्ते असायचे ना, त्यांना सांभाळणारा. साहेबानं त्याला विचारलं, तुझं काम काय? म्हणाला, चित्त्याला फिरवून आणतो. साहेब म्हणाला, आणि चित्ता मेला तर? तो म्हणाला, मग दुसरा चित्ता. साहेबानं डोक्याला हात लावला आणि त्याला शिपाई करून टाकलं. माहूतही शिपाई, मशालजीही शिपाई. हसत होतो आम्ही. गंगाक्का तर पोट धरून हसत होती. माझ्या शेजारीच उभी होती ती. बाईसाहेब वारल्या होत्या, आणि राजवाड्यावरच्या कारभाऱ्यानं तिला सांगितलं होतं, तू मूळची शाळेची, शाळेच्या रांगेत जा. म्हणून आली होती. बरोबरच होतं तिचं.

आमच्या मोठ्या बाई मात्र नव्या होत्या. जुन्या बाई नोकरी सोडून मुलाकडं निघून गेल्या होत्या, या त्याच जूनमध्ये आलेल्या. त्यांनी बोलावणीबाई म्हणून पाहिलेली मीच. गंगाक्काला त्या ओळखतही नव्हत्या. म्हणजे तिथं खरं काय ते दोघींनाच ठाऊक होतं — मला आणि तिला.

आमची पाळी आली तेव्हा साहेबानं कागदातून वर बघितलं आणि म्हणाला, “जागा एक आणि बायका दोन? यांतली बदली कोण?”

तो विचारत होता, तात्पुरती कोण. गंगाक्काला वाटलं, बदलून गेलेली कोण. ती पुढं झाली. अभिमानानं झाली — राजवाड्यावर पाठवलेली बाई होती ती, कुणीही येरीगबाळी नव्हे.

“मी बदली, साहेब. राजवाड्यावर.”

साहेबानं माझ्याकडं बघितलं. मी म्हणाले, मी शाळेत हाय, पोरी आणतो. आमच्याकडं बाईसुद्धा आणतो-जातोच म्हणते. साहेबाला हसू आलं. मग त्यानं विचारलं, “या बाई बदली म्हणतात, ते खरं का?”

मला कळलं होतं. तो काय समजला, ती काय समजली — दोन्ही कळलं होतं. चौथी शिकले होते ना.

“व्हय साहेब,” मी म्हणाले. “बदलीच.”

बघा, यात एक शब्द खोटा नाही. मी पुष्कळ दिवस स्वतःला हेच सांगत होते. खोटं कुठं बोललीस? तिचीच बदली झाली होती, तीच म्हणाली, तू हो म्हणालीस. बाहेर आल्यावर गंगाक्कानं माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाली, झालं एकदाचं. मीही म्हणाले, झालं.

तुम्हाला वाटलं असेल, हाच माझा गुन्हा. मलाही वाटायचं, कुणाला सांगायचंच झालं तर इथवर सांगून थांबावं. ऐकायला बरं आहे — शब्दाचा घोटाळा, क्षणाचा मोह. पण हे झालं नुसतं वरचं. खरं अजून पुढंच आहे.

पुढच्या सोमवारी गंगाक्का धुतलेलं लुगडं नेसून शाळेत कामावर आली आणि मोठ्या बाईंनी तिला दारातूनच परत पाठवलं. तिला काही उमजेना. ती त्या नव्या कचेरीत गेली. दारावरच्या शिपायाशी बोलताना घाईत कानडी आली, तो हसला, आत सोडलंच नाही त्यानं. मग ती माझ्याकडं आली. मी भाकऱ्या थापत होते. उंबऱ्यावर बसली. मग म्हणाली:

“तंगी, सगळ्यास्नी एक केलं म्हणत्यात. मग मी कशात ऱ्हायलो गं? राजवाडा म्हणतोय तू शाळेची, शाळा म्हणती तू राजवाड्याची.”

मी तव्यावरची भाकरी उलटली, दुसरी थापायला घेतली.

मग तिनं सांगितलं, काम काय आहे. माझ्या तोंडात कानडी येतंय, माणसं हसत्यात. तू शिकलीयास. तू साहेबाकडं जा आणि नीट सांग, की गंगाक्का मूळची शाळेची, ती परत यायची होती. तुझं ऐकतील. मी म्हणाले, जातो की. तिनं विचारलं, मग तुझं कसं व्हायचं? तिला ती काळजी होती! मीच म्हणाले, माझं काय, मला नवरा आहे.

आणि ते खरं होतं. इथं तुम्ही मला एखादी सबब शोधून द्याल, म्हणून सांगते — नवरा छापखान्यात कामाला होता, धडधाकट होता, दारू नव्हती, मारहाण नव्हती. घरात दोन वेळचं होतं. मुलगा पोटात होता असं म्हणावं, तर तोही नंतरचा. माझी अडचण काहीच नव्हती. अडचण तिची होती. ही जागा गेली तर तिला नेसरीला भावाच्या दारात जाऊन राहायचं होतं, भावजयीच्या हातची भाकरी खायची होती. त्या खोलीचं भाडं, तिचा तो आवाज, गावातलं तिचं नाव — सगळं त्या जागेवर उभं होतं. हे मला ठाऊक होतं.

मी गेले. दुपारी घरातून निघाले, चालत त्या कचेरीपर्यंत गेले. आवारात चिंचेचं झाड होतं, त्याखाली बसले. फाटकाशी एक म्हातारी भुईमुगाच्या शेंगा विकत होती, त्या घेतल्या. शेंगा चांगल्या भाजलेल्या होत्या, गरम होत्या. एकेक फोडून खाल्ली. साहेबाची खिडकी समोर दिसत होती, साहेबही दिसत होता, पानाला चुना लावत बसला होता. त्याच्याकडं त्या वेळी कुणी नव्हतं. दारावरच्या शिपायानं मला बघून विचारलं, काय काम काढलं बाई? मी म्हणाले, काही नाही, सावलीला बसलोय.

शेंगा संपल्या. टरफलं झाडाच्या बुंध्याशी टाकली, पदर झटकला आणि घरी आले.

गंगाक्का माझ्याच दारात बसली होती. मी तिला सांगितलं — भेटले साहेबाला, सगळं बोलले. साहेब म्हणाले, आता सगळं एक झालंय, मागचं काही चालायचं नाही.

हे. हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

तिनं आरडाओरडा केला नाही. आत जाऊन तांब्या भरून आणला. मग म्हणाली, तू एवढ्या उन्हातनं गेलीस, पाणी पी. मी पाणी प्याले. आणि त्यानंतर तिनं काय करावं? मला एकेक घर समजावून सांगायला लागली. मी वर्षभर करत होते तेच काम, पण तिला जे ठाऊक होतं ते मला नव्हतं. कुठल्या घरी पुढच्या दारानं हाक मारली की आजोबा पोरीला घरात ठेवून घेतात, तिथं परसातून जायचं. कुठली पोर उपाशी येते, तिच्यासाठी पदरात काहीतरी ठेवायचं. कुठल्या आईला सांगावं लागतं की मास्तरणीनं तुमच्या लेकीचं नाव काढलं. आता तूच हायस तर नीट कर, म्हणाली. ते सगळं मी घेतलं. त्याच्या जोरावर नोकरीभर नाव कमावलं.

आठवड्यात तिनं खोली सोडली. नेसरीला गेली.

नंतर पाच-सहा वर्षांनी नवऱ्याच्या नात्यातल्या एका लग्नाला आम्ही गडहिंग्लजला गेलो. तोवर मुलगा झाला होता, तो कडेवर. लग्न उरकलं, दुसऱ्या दिवशी मीच नवऱ्याला म्हणाले, एवढं आलोय तर नेसरीला गंगाक्काला भेटून येऊ. का म्हणाले? सांगता येत नाही. मला तिला भेटावंसं वाटलं, एवढंच. भीतीही वाटली नाही. कशाची वाटायची? तिला काही माहीतच नव्हतं. तिला मनातून कळलं असेल, असं तुम्हाला वाटत असेल तर तसं नव्हतं. सरळ बाई होती ती. माझ्या तोंडून आलं ते तिला खरं होतं.

ती शेतातून आली. वाळली होती. हात रानातल्या कामानं काळे पडलेले. आवाज मात्र तोच — पण तिथं तो कुणाला नको होता. ती मोठ्यानं बोलली की भावजय नुसती मान वर करून बघायची, आणि गंगाक्का गप्प व्हायची. एवढं मी पाहिलं. पाहिलं नाही असं म्हणणार नाही.

मला बघून तिला काय करू आणि काय नको झालं. माझ्या पोराला घेतलं ते खाली ठेवलं नाही. भावाला, भावजयीला, शेजारच्या बायकांना हाका मारून बोलावलं आणि माझी ओळख करून दिली — ही माझी कोल्हापूरची तंगी, माझ्यासाठी साहेबापुढं भांडलीया. भावजयीचं तोंड बदललं. मला बसायला घोंगडं टाकलं. जेवायला वाढलं — ज्वारीची भाकरी, शेंगांची चटणी, झुणका, वर ताक. म्हणाली, तुम्ही तरी उभ्या राहिलात, नाहीतर आमच्या वन्संचं असं कोण होतं तिथं.

एका बाईनं विचारलं, साहेब काय म्हणाला मग?

मी घास खाली ठेवून म्हणू शकले असते — मी गेलेच नव्हते. नवरा शेजारी बसला होता, त्यानंही त्याच वेळी ऐकलं असतं. गंगाक्कानंही ऐकलं असतं. त्या कचेरीत अजून माणसं होती, कदाचित काही झालंही असतं. मला हे सगळं त्याच क्षणी सुचलं होतं. आज सुचतंय असं नाही.

मी सांगायला लागले. साहेब कसा खुर्चीत रेलून बसला होता. मी कशी आत गेले, शिपायानं अडवलं तर त्याला कसं सुनावलं. साहेबाला म्हणाले, तुम्ही चित्तेवानाला नोकरी देता, आणि गावच्या लेकी शाळेत आणणाऱ्या बाईला घरी बसवता? साहेब कसा चिडला, टेबलावर हात कसा आपटला, मी तरी कशी हलले नाही. आधी गंगाक्काला सांगितलं होतं तेव्हा एका ओळीत उरकलं होतं. या वेळी सगळं रचून सांगितलं — सुचत गेलं तसं. बायका पुढं सरकून बसल्या. भाऊ म्हणाला, वाघीण हाय बाई. नवरा माझ्याकडं असा बघायला लागला, की बायकोत हे होतं ते आपल्याला ठाऊकच नव्हतं.

गंगाक्का माझं पोर मांडीवर घेऊन बसली होती. एकेक वाक्याला मान हलवत होती, आणि मी जरा थांबले की बाकीच्यांकडं बघत होती — बघा, म्हणत होतो ना मी?

मला लाज वाटली असेल, असं तुम्हाला वाटतंय. नाही वाटली. माझा आवाज चढत गेला. सगळे माझ्याकडं बघत होते, ताक थंडगार होतं, आणि सांगताना मला मजा येत होती. कुणीतरी म्हणालं, पुन्हा सांगा, माझं ऐकायचं राहिलं. मी पुन्हा सांगितलं.